वळसंगच्या सभेतला विराम

सोलापूर, मंगळवार सकाळ

तीर्थस्वरूप मथुराआत्यास,

रेश्माचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे, आठव्या महिन्यात पालथं पडता येत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मोडनिंबात थंडी पडली का? माझी तब्येत उत्तम आहे. हे वाक्य पत्र संपेपर्यंत लक्षात ठेव.

माझ्या हृदयाची एक झडप अरुंद आहे, हे तुला ठाऊक आहेच. म्हणून कळा सुरू होण्याआधीच भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायला सांगितलं. काल वहीत एकवीस प्रश्न लिहून गेले. 'रुग्णाने प्रश्न विचारलेच पाहिजेत' यावर वैरागच्या सभेत मी दीड तास बोलले आहे. एक आजोबा तर भारावून उभे राहिले होते (अभिमन्यूच्या मते ते घरी निघाले होते). डॉक्टर महानंदा बुटक्या, हळू आवाजाच्या. मी पहिला प्रश्न प्रस्तावनेसकट सुरू केला, तोच त्या म्हणाल्या, "आ करा." मग घसा, दात, मान, पाठ. कमलम्मा सिस्टर मागून, "ताई, बोलू नका की! आ म्हंजे आ." पंधरा वर्षं व्यासपीठावर तोंड उघडते आहे, पण उघड्या तोंडाने गप्प बसायची ही पहिलीच वेळ.

नंतर बाईंनी चित्र काढून समजावलं. कळांचा ताण हृदयावर येऊ नये म्हणून कमरेत बारीक नळी घालायची, तीही लवकर. रक्तदाब उतरला तर काय, पूर्ण भूल द्यावी लागली तर काय, तेही सांगितलं. आत्या, कपाटभर पुस्तकं वाचलेली मी, पण त्या 'तर काय'नंतर मी प्रश्नांची वही मिटूनच टाकली. धीरासाठी नवऱ्याकडे पाहिलं, तर अभिमन्यू सुईचं चित्र बघूनच बाकावर आडवा, आणि सिस्टर त्याचाच रक्तदाब मोजत होत्या.

शेवटी बाईंनी विचारलं, "बोलताना, चालताना दम लागतो का?" मी ठणकावून म्हणाले, "अजिबात नाही." त्यांनी तसं लिहून घेतलं. पुढचं सगळं त्यावरच ठरणार आहे.

तेव्हा काळजी नसावी.

तुझी भाची,
रेश्मा

ता. क. गेल्या महिन्यात वळसंगच्या सभेत "भगिनींनो, घाबरू..." एवढं म्हणून मी थांबले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. असा विराम कुणाला जमत नाही म्हणाले. आत्या, तो विराम नव्हता. पुढचं "नका" म्हणायला श्वासच उरला नव्हता.

आणखी एक. उद्या बाईंकडे पुन्हा जायचं आहे. खरं सांगितलं तर त्या काय म्हणतील, या भीतीनं माझी जीभ पुन्हा खोटंच बोलेल. लहानपणी मी ताप लपवला की तू कपाळाला हात न लावता ओळखायचीस. तशी शेजारी बस, आणि मी "अजिबात नाही" म्हणाले की तू सांग. गौसभाई टेम्पोतून हे पत्र आणत आहेत. त्याच टेम्पोत बसून ये. पुढची सीट तुझ्या गुडघ्यासाठी मोकळी ठेवायला सांगितली आहे.

फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर तुला ऐकू आलं असतं.