जाळीच्या शालीतली एकशे अठरा भोकं

३ ऑक्टोबर १९७८, मंगळवार. सकाळी १०

मुलीचं, पुष्पलताचं, पत्र आलं, सासरहून, जबलपूरहून. तिची तब्येत उत्तम, सहावा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नागपूरला, सक्करदऱ्याला, या घरात. तसं तिने लिहिलेलं नाही, पण ठरलेल्या गोष्टी कोणी लिहीत नाही.

पत्र नऊ ओळींचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका. लाल पेन्सिलने खुणा करून पत्र आशीर्वादासह तिला परत पाठवलं. तिला कॉलेजपासून ही मदत करतो आहे.

सातव्या ओळीत लिहिलंय, सासूबाईंनी माझ्यासाठी लोकरीची जाळीची शाल विणायला घेतली आहे. विहीणबाई सुभद्राबाई. त्यांनी विणायचं आणि आम्ही बघत बसायचं? माझे वडील उमरेडला हातमागावर धोतरं विणत. मी स्वतः बत्तीस वर्षं मिलमध्ये कापड तपासलं. विणणं आमच्या रक्तात आहे.

संकल्प: तशीच शाल, पण जास्त बारीक, मी विणणार. टारगेट दसरा. म्हणजे आठ दिवस. सात पुरतील.

४ ऑक्टोबर

बर्डीच्या बाजारात जाऊन पांढरी बारीक लोकर आणि नऊ नंबरच्या सुया आणल्या. दुकानदाराने विचारलं, बाईसाहेबांनी नऊच नंबर सांगितला ना? मी सांगितलं, बाईसाहेब चार वर्षांपूर्वी वारल्या. त्यावर त्याने मान खाली घालून लोकर बांधायला घेतली. गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत नाही.

पॅटर्नचं मासिक शेजारच्या कांताबाईंनी दिलं. त्या मोठ्या, म्हणून मला अरे-तुरे करतात. आमची कुसुम गेल्यावर पुष्पलताची वेणीफणी, परीक्षेचा डबा, सगळं त्यांनी आपणहून केलं. अशी ढवळाढवळ मला आवडत नाही, पण तेव्हा बोललो नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

लोकर फार नाजूक. दोनदा तुटली. वडिलांची आठवण झाली. मागावर चढवण्याआधी सुताला तांदळाची पेज पाजायची, कुंच्याने, की सूत ताठ होतं आणि तुटत नाही. साधी गोष्ट आहे. सुभद्राबाईंना कुठून माहीत असणार.

सकाळी पेज केली. लोकर खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत ताणून तिला पेज पाजली.

संध्याकाळी ५: लोकर वाळली. ताठ झाली आहे. जरा जास्तच. गोळा होत नाही, वाकवली की कडकड वाजते. कांताबाई आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, लोकरीले पेज काहून पाजली गा जागेश्वर? ताप आला होता का तिले?

विनोद समजला. हसलो नाही.

१० ऑक्टोबर

मुंग्या.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

लोकर चारदा धुतली. दसरा काल झाला. शालीचं टारगेट दिवाळी. दिवाळीला पुष्पलता येईलच, तेव्हा खांद्यावर घालता येईल. उलट हेच बरं.

कांताबाईंनी सुलट आणि उलट टाका शिकवला. जाळी अशी होते: दोरा पुढे घ्यायचा, पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, की मधे भोक पडतं. भोकांची ओळ लागली की फूल दिसतं. मी विचारलं, मुद्दाम भोक पाडायचं? त्या म्हणाल्या, हो, मुद्दाम. बत्तीस वर्षं मी कापड उजेडात धरून भोकं शोधली. प्रत्येक भोकाला लाल खडूची खूण. खूण झाली की माल रिजेक्ट. मोठे साहेब म्हणत, पौनीकरच्या हातून भोक सुटत नाही. आता या वयात हाताला हे शिकवायचं.

पाच ओळी विणल्या. पाच उसवल्या.

२० ऑक्टोबर

पुष्पलताला तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. या दिवसांत बाईमाणसाला लिहायचा कंटाळा येतो, असं मी ऐकलं आहे. कोणाकडून ऐकलं ते आठवत नाही.

मागची खोली तिच्यासाठी रिकामी केली. खाटेची नवार नवी घातली. जुनी फक्त सैल होती, पण फॉल्ट तो फॉल्ट.

२ नोव्हेंबर, भाऊबीज

दिवाळी संपली. पुष्पलता आली नाही. शहाणी आहे, सातव्यात आणायचं असतं. मग एवढ्यासाठी दोन प्रवास कशाला.

यंदाची दिवाळी फार शांत गेली. पाहुणे नाहीत, गडबड नाही. कांताबाईंनी फराळ पाठवला. करंजीचा काठ एके ठिकाणी सुटला होता. ते त्यांच्या दारात जाऊन दाखवलं. कांताबाईंचे यजमान दादाजी ओट्यावर बसले होते. म्हणाले, मग खाऊ नको गा. मी खाल्ली. करंज्या चार दिवस पुरतील. सकाळी एक, चहाबरोबर एक.

शाल वीतभर.

११ नोव्हेंबर

कांताबाई आज आल्या नाहीत. बरं झालं. घरात केवढी शांतता. चार वाजता त्यांच्याकडे जाऊन किती शांतता आहे ते सांगून आलो.

तिथे कळलं की जबलपूरला पुष्पलताचं डोहाळेजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, फोटोसुद्धा काढले. कांताबाईंना पत्र आलं होतं. दोन पानी. मला आलं नाही, पण घरं शेजारी शेजारी आहेत, एकच पत्र दोघांना पुरतं. शाई वाचते.

मी म्हणालो, पत्र वाचायला द्या. त्या म्हणाल्या, बायकांचं आहे गा, तू काय वाचशील. पत्र त्यांनी पदराखाली धरलं होतं.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज कारणाचा विचार केला. सातवा लागून गेला तरी जावई मुलीला आणून का सोडत नाही? मधुसूदन मुलगा चांगला आहे, नोकरी पक्की. आमच्यात वाकडं काही नाही. लग्नात त्याच्या कोटाची बाही काखेत उसवली होती, ती मी मांडवात सगळ्यांसमोर हात वर करून दाखवली. पण यात त्याला वाईट वाटायचं कारण नाही, दोष कोटाचा होता. बहुतेक त्याला रजा मिळत नसावी.

शाल दीड हात. मधे वीसएक ओळी उसवाव्या लागल्या, कारण फूल डावीकडे सरकत होतं. कांताबाई म्हणाल्या, सरकू दे, फुलाले काय समजते. मला समजतं ना.

रोज दुपारी त्या तासभर येऊन बसतात. माझा वेळ जातो फुकट. तीन वाजले की चहाचं आधण ठेवून ठेवतो, म्हणजे त्या लवकर जातील.

३ डिसेंबर

आज बाळंतपणाच्या दवाखान्याची पाहणी केली. चादरीला ठिगळ होतं. डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, पेशंट कुठे आहे? मी म्हणालो, जबलपूरला. येणार कधी? मी म्हणालो, ठरलेलं आहे. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पेशंटचं नाव लिहून घ्यायचा आग्रह मी केला. त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घेतलं.

अळीव, डिंक, खारीक आणून ठेवली. लाडू मला येत नाहीत, पण सामान ए-वन आहे.

१४ डिसेंबर, गुरुवार. दुपारी ३

शाल झाली.

दोन महिने लागले म्हणजे ठरलेल्या वेळेतच म्हणायला हवं, कारण पुष्पलता अजून आलेली नाही. पाण्यातून काढून खाटेवर ताणून टाचण्या लावल्या. हलकी, फुंकरीने उडेल अशी. पांढरी. बराच वेळ बघत बसलो. कुसुम असती तर हात लावून बघितली असती. तिने काय म्हटलं असतं ते मला नीट आठवत नाही, आवाज मात्र आठवतो.

१५ डिसेंबर

शाल पाठवण्याआधी फायनल चेकिंग. खिडकीत उजेडात धरली. सवयीने मोजायला लागलो.

भोकं: एकशे अठरा.

यातली पॅटर्नची कुठली, माझ्या चुकलेल्या टाक्यांची कुठली, काही केल्या कळेना. मासिक समोर धरून पाहिलं, तरी शंका राहिलीच. सुभद्राबाईंचं बोट चुकीच्या भोकात गेलं तर? सगळ्या जबलपूरला सांगत फिरतील. माझ्या हातून आजवर एक वार फॉल्टी कापड पास झालेलं नाही. मुलीच्या अंगावर जाणारा माल मी पास करू?

निर्णय घेतला. रफू.

१८ डिसेंबर, सोमवार

चौथ्या दिवशी रफू पूर्ण. एकूण एक. रफू इतका बारीक की मलाच सापडत नाही. वजन थोडं वाढलं आहे. आता फॉल्ट शून्य.

तीन वाजता कांताबाईंना दाखवली. त्यांनी शाल हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि खाटेवर बसल्या. म्हणाल्या, ते भोकं नव्हते गा, फुलं होते. दोन महिने बसून विणले आणि चार दिवसात बुजवून टाकले. पोरीची चिठ्ठी तू खुणा करून वापस पाठवतो. जावयाचा कोट दाखवतो. माह्या करंजीवर बोट ठेवतो. मंग ते पोरगी काहून येईन तुह्या घरी?

शालीचा विषय चालला होता, त्यात चिठ्ठी आणि कोट कुठून आले कळलं नाही. चहा न घेता गेल्या.

मीही चहा घेतला नाही. आधण उकळून आटलं.

१९ डिसेंबर

कांताबाई सकाळी दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सांगतो सांगतो म्हणून आठ दिवस झाले. पोरीनं मले बोलावलं आहे जबलपूरले. बाळंतपण तिकडेच हाय. मायचं कोणी पाहिजे म्हणते जवळ.

मी म्हणालो, छान. ठरलेलंच होतं.

दुपारी मागच्या खोलीत जाऊन खाटेवर बसलो. नवार घट्ट आहे. बसल्यावर जरासुद्धा खोलगट होत नाही.

२४ डिसेंबर, रविवार

बसस्टँडवर कांताबाईंना पोचवायला दादाजी आणि मी. सामान मीच वर चढवलं. अळीव, डिंक, खारीक दिली. शाल वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. सोबत चिठ्ठी लिहावी असं वाटलं होतं. चार वेळा लिहिली, प्रत्येक वेळी एखादा शब्द चुकल्यासारखा वाटला. मग राहिली.

बस निघायच्या आधी कांताबाईंनी खिडकीतून विचारलं, तू काहून नाही येत गा? मी म्हणालो, मला बोलावलं नाही.

असं बोलायचं नव्हतं. मला सवड नाही असं म्हणायचं ठरवून गेलो होतो.

१ जानेवारी १९७९, सोमवार

नव्या वर्षाचे संकल्प: रोज सक्करदऱ्याच्या तळ्याभोवती एक फेरी. पुष्पलताची पत्रं परत पाठवायची नाहीत, वहीत जपून ठेवायची. दुपारी तीनला चहा एकच कप टाकायचा.

तळ्यावर गेलो. शेंगदाणेवाल्याशी गप्पा झाल्या. त्याने विचारलं, किती देऊ? मी म्हणालो, थोडे. एवढ्याच झाल्या, पण मोकळ्या झाल्या.

६ जानेवारी

कांताबाईंचं कार्ड दादाजींना आलं. मराठीत, त्यांनी स्वतः वाचलं, मग मला ऐकवलं. पुष्पलता बरी आहे, पाय सुजले होते, आता उतरले. शेवटी लिहिलंय, जागेश्वरला सांगा, विहीणबाईंना गोधडी फार आवडली, ऊबदार आहे, त्यांनी बाळंतिणीच्या खाटेवर अंथरली.

जबलपूरकडे शालीला गोधडी म्हणत असावेत.

दादाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, हो, म्हणत असतीन.

११ जानेवारी

तीन वाजता दोन कप चहा टाकला. सवयीने. दादाजींना हाक मारली. त्यांनाही दुपारी कोणी बोलायला नाही. ओट्यावर बसून दोघांनी प्यायला. एवढ्यावर एक दिवस पार पडला.

सुया अजून टेबलावरच आहेत. नवी शाल विणायला घ्यावी का? यावेळी भोकं ठेवीन. पांढरीच लोकर, पण आकार लहान. अजून सुरुवात केलेली नाही, कारण आधी कोणासाठी ते ठरायला हवं. मुलगा असेल तर एक पॅटर्न, मुलगी असेल तर दुसरा. बातमी येईल तेव्हा. तार माझ्याकडेच येणार. घरी नसलो तर तारवाला परत जाईल, म्हणून उद्यापासून तळ्यावर जाणं बंद.

१५ जानेवारी १९७९, सोमवार. दुपारी २

चार दिवस घराबाहेर पडलो नाही. आज तारवाल्याची सायकल गल्लीत आली. दार उघडं ठेवून उभा होतो. तो दादाजींच्या दाराशी थांबला.

दादाजींना इंग्रजी येत नाही. तार घेऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, वाच बरं गा, घाबरल्यासारखं झालं मले. तार त्यांच्या नावाने, पत्ता बरोबर. पाठवणारा मधुसूदन.

चष्मा लावून मोठ्याने वाचली. गर्ल बॉर्न संडे. बोथ वेल. इन्फॉर्म फादर.

मुलगी झाली, काल, दोघी सुखरूप, असं दादाजींना सांगितलं. ते खाली बसले. रुमालाने तोंड पुसलं. म्हणाले, बरं झालं, देवाले काळजी. मग म्हणाले, शेवटी आणखी काही वाचलं तू. ते काय हाय?

मी म्हणालो, जागेश्वरला कळवा, असं आहे.

दादाजींनी तार माझ्या हातून घेतली, घडी घातली, खिशात ठेवली. म्हणाले, मंग कळलं ना गा तुले?

मी म्हणालो, कळलं.