शाखा बंद करायची सभा

रविवार, संध्याकाळ

आमच्या रसायनशास्त्र संघटनेची कोल्हापूर शाखा आज बंद करायची होती. सभेला दोघंच, मी आणि शाखा काढणारे चौगुले सर. गणसंख्या नाही म्हणून नियमाप्रमाणं सभा अर्धा तास तहकूब. मग आहेत तेवढ्यांत भरवता येते. कशाला हा खेळ? त्या अर्ध्या तासात आजवर कोण आलंय?

सर फाटकाकडं बघत बसले. म्हणाले, "जयसिंगपूरचे लोक एसटीनं यायचे. जागा नसली की खिडकीत बसून व्याख्यान ऐकायचे."

अर्धा तास संपला. ठराव मी पुढं सरकवला. सरांनी पेन उघडलं, परत फाटकाकडं बघितलं.

"अजून पाच मिंटं थांबूया की."

थांबलो. वॉचमननं फाटक लावून घेतलं, तरी आम्ही दोघं तिकडंच बघत होतो.