माझ्या अंगठ्याची दोरी

२ फेब्रुवारी, सोमवार

आणि काट्यावर उभं केलं तेही चपलांसकट. चपलांचं वजन कोण धरणार? गेले होते गुडघ्यांसाठी, डॉक्टर बोलत बसला पोटाबद्दल. गुडघे राहिले बाजूलाच. म्हणे पहाटे उठून चाला, हेच औषध. चालायला सांगायला डॉक्टर कशाला लागतो? ते तर आमचे हेही सांगतात, आणि स्वतः आठपर्यंत घोरतात.

उभं राहायचं काम बंद करता आलं तर बघा, असंही म्हणाला. त्याला म्हटलं, मी लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालते. बसून चादरीची घडी होत असती तर बसले नसते का? तर म्हणाला, मग चाला. पुन्हा तेच. रेकॉर्ड अडकलेली.

लेकीला फोन केला. मला वाटलं होतं तेवढं वाईट तिला वाटलं नाही. संध्याकाळी बूट घेऊन आली, गुलाबी नाड्यांचे, आणि ही डायरी. रोज काय केलं ते लिही म्हणे, म्हणजे हुरूप येतो. चौथीत शाळा सुटली माझी, पण जे लिहीन ते खरं लिहीन. कोणी वाचायचं नाही आहे.

उद्यापासून पहाटे साडेपाच. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गजर वाजला नाही. हे म्हणतात वाजला, आणि मीच तो बंद करून फोन उशीखाली कोंबला. झोपलेल्या माणसावर काय वाट्टेल तो आळ घ्यावा. त्याला थोडंच उत्तर देता येतं.

बूट घालून घरात चार फेऱ्या मारल्या. छान बसतात.

४ फेब्रुवारी, बुधवार

फोन मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवला, म्हणजे बंद करायला तरी उठावं लागेल. तर हे उठले आणि बंद करून आले. मला उठवायचं सोडून! म्हणतात तीनदा हाक मारली, तिसऱ्या हाकेला तू माझ्या आईचा उद्धार केलास. मी असं करणारच नाही. केलाच असेल तर झोपेत खरं तेच निघतं.

घरातला माणूसच मागे ओढायला लागला तर बाहेरच्याला काय बोलायचं. पहिला धोका घरातून.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वरचीला सगळं सांगितलं. वरची म्हणजे आमच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत राहते ती. लॉन्ड्रीतही चादरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या. लेक परकर घालत होती तेव्हापासून. मशीनच्या आवाजात लांबून काही ऐकू येत नाही, म्हणून घडी घालताना टोकाला टोक भिडलं की तेवढ्यात बोलून घ्यायचं. एका चादरीला एक वाक्य. आमचा हात इतका बसलाय की मी माझं टोक घट्ट धरून उभी राहते, ती चालत येते, टोक देते, वाकून खालची घडी उचलते, परत जाते. बघणाऱ्याने बघत राहावं.

दुपारपर्यंत तिने तोडगा काढला. तिला पहाटे जाग येतेच. तिच्या खिडकीतून आमच्या खिडकीत सुतळी सोडायची, टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. ती वरून ओढणार. मी जागी झाले की इकडून दोनदा ओढायचं, म्हणजे "आले". मग दोघी खाली भेटायचं आणि चालायला जायचं.

मैत्रीण असावी तर अशी. लेकीने फक्त बूट दिले.

८ फेब्रुवारी, रविवार

दोरी बांधून झाली. ह्यांनी खिळा ठोकून दिला, वर म्हणाले, बैलाला पण दावं गळ्यात असतं गं. लक्ष दिलं नाही. उद्या सोमवार. सुरुवात सोमवारीच बरी. मधल्या वारांनीच घोळ केला होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

दोरी ओढली गेली आणि मला जाग आली! म्हणजे मी उठू शकते, हे आज सिद्ध झालं. दोनदा ओढून "आले" कळवलं. मग म्हटलं ती जिना उतरेपर्यंत डोळे मिटावेत. तिला जिन्याला वेळ लागतो.

लॉन्ड्रीत पहिल्या चादरीला म्हणाली, "दूधवाला येऊन गेला तरी मी खाली उभीच." दुसऱ्या चादरीला मी म्हटलं, एवढा वेळ कोण उभं राहतं, निघून जायचं होतंस. तिसऱ्या चादरीला ती काही बोललीच नाही. गारठली होती म्हणे. मग शाल घ्यायची होती. आता तिची शालही मीच आठवणीत ठेवायची का?

१० फेब्रुवारी, मंगळवार

चूक सापडली. बूट घालण्यात वेळ जातो, तिथेच सगळं अडतं. म्हणून आज बूट घालूनच झोपणार. दोरी अंगठ्याला बांधता येत नाही, नाडीलाच बांधली. डोकं चालवलं की मार्ग निघतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

नाडी वर गेली. वरची ओढत राहिली, इकडे नाडी भोकाभोकांतून सुटत गेली, आणि शेवटी तिच्या हातात गुलाबी नाडी आली, मी नाही. मला काही कळलंच नाही. दोष असलाच तर नाडीचा. हल्लीचा माल असाच.

हे म्हणतात रात्रभर लाथा बसल्या, बुटाच्या. मांडी काळीनिळी दाखवत होते. मी काय मुद्दाम मारल्या? व्यायामाची सवय लागायला लागली की पाय आपोआप चालतात.

वरचीने नाडी आणून दिली. धुऊन, इस्त्री करून. हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दोरी आजपासून ह्यांच्या अंगठ्याला. ह्यांची झोप सावध आहे. ते उठतील, मला उठवतील. मधे एक माणूस असला की काम पक्कं होतं. हे नको नको म्हणत होते. म्हटलं, बायकोच्या गुडघ्यांसाठी एक अंगठा देता येत नाही?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हे उठले. मला हलवलं म्हणतात. मग वरची खाली ताटकळेल म्हणून तिला सांगायला गेले की आज हिचं काही खरं नाही. सांगायला किती वेळ लागतो? सात वाजून गेल्यावर आले. नाक लाल, कपाळाला घाम. म्हणतात, वहिनी म्हणाल्या आता उतरलाच आहात भावजी, तर तळ्यापर्यंत चला. गेले. चहा पिताना म्हणाले, हवा छान होती.

हवेचं मला सांगतात!

१६ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी गेले, काल रविवारी गेले, आजही गेले. सायकल दुरुस्तीचं दुकान दहाला उघडणारा माणूस, आता अंधारात शिट्टी वाजवत दात घासतो. शिट्टीने माझी झोपमोड होते, ती वेगळीच.

पण शांतपणे विचार केला. घरातला एक माणूस चालायला लागला म्हणजे सुरुवात झाली. आणि ती केली कोणी? डॉक्टरकडे मी गेले. खिळा माझ्यासाठी ठोकला. दोरी माझी. मी मागे आहे असं कोणी समजू नये. मी तयारी करतेय. मनाची तयारी झाली की शरीराला वेळ लागत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवते.

लॉन्ड्रीच्या मॅडम आज आमच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. चार-पाच चादरी नुसत्या बघत होत्या. मग मशीन बंद करायला लावलं. वरचीला विचारलं, "ही कधी पुढे येते का गं? की दर वेळी तूच जातेस?"

वरची हातातल्या चादरीकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांची मैत्री, लेकीच्या बाळंतपणात माझ्याबरोबर जागलेली बाई, आणि तोंडातून "येते" हा एवढासा शब्द निघाला नाही. मीच म्हटलं, मॅडम, आमची पद्धत आहे तशी. मॅडम म्हणाल्या, पद्धत दोघींची असते, ही तुमच्या एकटीची आहे. पूर्ण लांबी ती चालते, वाकतेही तीच. तिच्या पाठीचं काय?

वरचीला पाठ आहे हे मला कधी बोलली नाही. एका चादरीला एक वाक्य, त्यात पाठ सांगायला काय झालं होतं?

निकाल असा. सोमवारपासून मी बटणांच्या टेबलावर. बसून डॉक्टरांच्या कोटांची तुटकी बटणं लावायची. माझ्या जागी नवी, ती टॉवेलवाली पोरगी. चालत निम्म्या अंतरापर्यंत येऊन दाखवलं तर माझी जागा मला. नाहीतर अठ्ठावीसला, शनिवारी, नवीचं नाव कायम. बटणांचं टेबल शेडच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिथून वरचीला हाक मारली तर ऐकूही जाणार नाही.

जेवले नाही. म्हणजे रात्री जेवले, पण चव नव्हती.

उद्यापासून पहाटे पाच. साडेपाच नाही, पाच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मनस्ताप झाल्यावर झोप जास्त लागते हे कोणी लक्षात घेत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी चादर झटकताना खाली नजर गेली. वरचीच्या पायात गुलाबी नाड्या.

माझे बूट! माझ्या लेकीने माझ्यासाठी आणलेले. मी चादर हातातून सोडली. तिची चप्पल परवा तळ्यापाशी तुटली म्हणे, अनवाणी चालत आली, तर भावजींनी दिले. दुसऱ्या दिवशी परत करायला आली होती, तर भावजी म्हणाले असू द्या, पडूनच आहेत.

पडूनच! बूट पडूनच असतात, पायात नसले की. म्हणून ते कोणाचे नसतात का?

घरी येऊन ह्यांना विचारलं, माझी अजून कोणकोणती वस्तू वाटायची राहिली आहे. हे म्हणाले, तू काल उठली असतीस तर तुझ्या पायात असते. ह्यांच्या पट्ट्याला दोन नवी भोकं दिसली. दुकानातल्या पोराने पाडलेली. पोट आत गेलंय मेल्याचं. माझ्या दोरीवर.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बटणांचं टेबल. सुईत दोरा ओवता ओवता डोळ्यांना पाणी येतं, ते सुईमुळे.

तिथून सगळं दिसतं. नवी टोक धरून पुढे येते, निम्म्याच्याही पुढे येते. पोरगी आहे, तिला काय होतंय. खालची घडीही तीच उचलते. दोघींचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण वरची हसत होती. दुपारी तीन वाजता हसत होती! आमच्या वेळी जेवणानंतर तिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही, मला वाटायचं स्वभाव. आता बरा हसायला दम शिल्लक राहतो.

एकदा तिने इकडे बघितलं. मी बटण लावत बसले. उलट्या बाजूने लागलं, उसवावं लागलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ

दोरी खिडकीत नुसती लोंबकळतेय. ह्यांना आता दोरी लागत नाही, आपले आपण उठतात. वरचीने ओढायचंही सोडलं. एवढीशी दोरी, तीही कोणाच्या कामाची उरली नाही. मी मात्र आहे त्याच जागी आहे. निष्ठा म्हणतात ती हीच.

त्याच दिवशी, रात्र

जेवणाच्या सुट्टीत वरची स्वतः बटणांच्या टेबलाशी आली. आज मशीन बंद होतं, तिला एका वाक्यात उरकायची घाई नव्हती. माझे बूट पिशवीत घालून आणले होते. पुसून, नाड्या नीट बांधून. समोर ठेवले आणि म्हणाली, "मॅडमना सांगितलंय मी, मला समोर हीच पाहिजे. शनिवारपर्यंत निम्म्यापर्यंत यायला लाग, बाकीचं मी निभावते. आज दोरी परत तुझ्या अंगठ्याला बांध."

मी म्हटलं, आणि मॅडमसमोर गप्प का बसलीस? तर म्हणाली, "खोटं बोलले असते तर तू कधीच उठली नसतीस."

म्हणजे बघा. आधी दगा द्यायचा, मग त्यात माझंच भलं दाखवायचं, आणि वर अट! निम्म्यापर्यंत ये, अंगठ्याला बांध. मैत्रीत अट असते का? मी कधी तिला अट घातली? एवढी वर्षं ती चालत आली, मी एका शब्दाने म्हटलं का की येऊ नको?

बूट ठेवून घेतले. माझेच आहेत.

घरी आल्यावर बराच वेळ खिडकीपाशी बसले. दोरी हातात घेऊन बघितली. अंगठ्याला बांधूनही बघितली, पण गाठ काचते. सैल केली. अजून सैल केली. मग खिळ्यालाच गुंडाळून ठेवली, वाऱ्याने उगाच हलते म्हणून.

ह्यांना बजावून सांगितलंय. उद्या पहाटे तळ्याकडे जाताना तिला विचारा, सरळ विचारा: काही अटी न घालता माझ्यासमोर उभी राहणार आहेस की नाही? हो की नाही, एवढंच. शनिवारी निकाल आहे, त्यामुळे शुक्रवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. आणि स्वतः येऊन, माझ्या तोंडावर सांगायचं.

फक्त संध्याकाळी ये म्हणावं. सकाळी मी झोपलेली असते.