मोटेची कविता, कवीच्या आवाजात

गुरुजी, तुम्ही चौथीत शिकवलेली मोटेची कविता गेल्या आठवड्यात मी कवींच्या स्वतःच्या आवाजात ऐकली. रेडिओच्या जुन्या फितीवरून कुणीतरी ती मोबाइलवर आणली आहे म्हणे. सूनबाईने शोधून दिली. "बाबा, इथं दाबलं की पुन्हा लागेल," म्हणाली आणि भोसरीला कामावर गेली. मुलगा चाकणला, पहिल्या शिफ्टला. बायको वारल्यापासून दुपारी घरात मी आणि पंखा.

"कवींच्या तोंडून ऐकायला मिळाली तर कान धुऊन बसेन मी," असं तुम्ही वर्गात म्हणायचात. म्हणून सांगतो. आधी नुसती खरखर, मग एक खोकला, मग आवाज. किती साधा! चाल नाही, हेल नाही, ओट्यावर बसून कुणी पाणी मागावं तसा. आणि मोट काठाशी येते त्या ओळीवर ते थांबलेच नाहीत. मी इकडे सवयीने थांबलो, आणि कवी दोन ओळी पुढे निघून गेले.

कासारवाडीची आपली शाळा रुळांना अगदी लागून. कवितेचा तास आणि मुंबईची गाडी एकाच सुमाराला. चाहूल लागली की तुम्ही बरोबर त्या ओळीशी येता, हात वर धरता. डोक्यावरचे पत्रे थरथरतात, आम्ही श्वास धरून बसतो; मोट मध्येच लोंबकळते. शेवटचा डबा गेला की तुमचा हात खाली येतो आणि पाणी पाटात पडतं. आम्ही कविता पाठ केली ती त्या थांबण्यासकट. शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले, तेव्हा गाडीचा पत्ता नव्हता, तरी अख्खा वर्ग त्याच ओळीवर गप्प. साहेब म्हणाले, "काय रे, विसरलात?" तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "न्हाई सायेब, गाडी जाऊ द्या की!" तुम्ही उपरणं तोंडाशी धरून भिंतीकडे वळलात. खांदे हलत होते तुमचे.

हे सगळं दिसतं, गुरुजी. पण चार-पाच दिवस ती फीत ऐकल्यावर काल आंघोळ करताना कविता म्हणू लागलो, तर कानात कवींचा आवाज. तुमचा शोधू लागलो. खडूने पांढरी झालेली बाही आली, तपकिरीचा वास आला, वर धरलेला हात आला. आवाज काही येईना. कवींची फीत आहे. तुमची कुठे आहे? तुम्ही होतात ते आमच्याच कानांत. अंगावर पाणी तसंच ठेवून मी उभा राहिलो.

आज बस धरून कासारवाडीला गेलो. मागच्या बाकावरचा तो अजून आहे. मळ्याच्या जागी त्याच्या नातवांची चार मजली इमारत झाली आहे, हा खाली खुर्ची टाकून बसतो. विचारलं, "गुरुजींचा आवाज आठवतो का रे तुला?"

"आवाज? छडी आठवती लेका. ह्या हातावर अजून हाय."

"चेष्टा नको. आठव जरा."

त्याने डोळे मिटले आणि कविता सुरू केली. दात नाहीत, निम्मे शब्द तोंडातल्या तोंडात. पण चाल तुमचीच. ओळीशी आला, हात वर धरला. रस्त्यावरून रिक्षा, दुचाकी चाललेल्या. थांबला तो थांबलाच. मी म्हटलं, "पुढं म्हण की."

"म्होरचं न्हाई येत आता," म्हणाला. "तू म्हण."

मी म्हटली. माझ्या तोंडून आली ती कवींच्या सुरात, सपाट. "आरं, ही आपली न्हाई," म्हणाला, आणि त्याने नातसुनेला चहा टाकायला सांगितला.

परत येताना ठरवलं होतं, आता ती फीत ऐकायची नाही. जितकं ऐकेन तितके तुम्ही पुसले जाल, एवढं कळतं मला. हे पत्र तर कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा खरं लिहितो. घरी आलो, चप्पल काढली, आणि आधी तेच बटण दाबलं. दुपारचं घर फार मोठं होतं, गुरुजी. कुणाचा का असेना, माणसाचा आवाज लागतो.