जुनं नाव, नवा पासपोर्ट

४ जानेवारी
आजपासून मी नवा माणूस. कोर्टाचा हुकूम हातात आला. जुनं नाव कायद्याने मेलं. ते या वहीतसुद्धा लिहिणार नाही. त्या नावाने जन्मभर माझी वाट लावली. असल्या नावाचा मॅनेजर कुणी पाहिलाय? पॅकिंग विभागाचा सुपरवायझर, बस. साहेबांना यादीत ते नाव दिसलं की जांभई येत असणार, त्यांचा तरी काय दोष.
नवं नाव आरशासमोर म्हणून पाहिलं. पर्सनॅलिटीच बदलते.
हिला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, मी तुम्हाला ‘अहो’ म्हणते, ते नाही ना बदललं? मग झालं. लग्न झाल्यापासून हिने माझं नाव घेतलेलं नाही, हिला नावाची काय किंमत!
संकल्प: जुन्या नावाने कुणीही हाक मारो, ओ द्यायची नाही.

९ जानेवारी
हुकुमाला सोनेरी फ्रेम केली. दारातून आत आलं की डोळ्यांत भरेल अशी हॉलमध्ये लावली. साडू आला की बघेल. दोनदा परदेशात जाऊन आलाय म्हणून त्याची मान ताठ असते. खिळा दणकून ठोकला. थोडा पोपडा पडला, पण भिंतच निकृष्ट.

१७ जानेवारी
नव्या नावाचा पासपोर्ट आला. मार्चमध्ये मुलीकडे जायचं आहे, परदेशात. तिचं बाळंतपण. व्हिसा जुन्या पासपोर्टवर आधीच मिळाला होता. एजंट म्हणतो, व्हिसा चालेल, पण जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट आणि हुकुमाची मूळ प्रत असं तिन्ही हातातल्या बॅगेत ठेवा. हेच परत परत सांगत होता, जणू मी बालवाडीत आहे. वर म्हणे, नव्या पासपोर्टवर जुन्या नावाची नोंद करून घेऊ, सोयीचं पडेल. मी स्पष्ट नकार दिला. मेलेल्याला घेऊन फिरायला मी काय तिरडी आहे?
जुना पासपोर्ट रद्दीत टाकला. व्हिसा मिळालाय हे त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असणारच.

३ फेब्रुवारी, दुपार
संकल्पाची परीक्षा. शेजारी खालून जुन्या नावाने बोंबलत होता. मी शांतपणे पेपर वाचत राहिलो. नंतर कळलं, आमची टाकी वाहत होती. पाणी जिन्यावरून थेट त्याच्या दारात. ही बादल्या घेऊन धावली. शेजारी वर येऊन म्हणाला, कान गेले का तुमचे? कान शाबूत आहेत. नाव गेलंय. पण हे त्याच्या डोक्यावरून जाणार, म्हणून बोललो नाही.

११ फेब्रुवारी
कारखान्यात कामगार तोंडावर नवं नाव घेतात आणि खोक्यांच्या आड जाऊन हसतात. हसा. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही.

२२ फेब्रुवारी
मुलीचा फोन. डॉक्टर म्हणतात, थोडं आधीच होईल. नंतर तिने विचारलं, बाबा, ते जुनं नाव खरंच कायमचं सोडलंत? म्हटलं, सोडलं नाही, फेकलं. कुणाला हवं असेल त्याने फुकट घेऊन जावं. ‘नक्की ना?’ असं तिने दोनदा विचारलं. इम्प्रेशन पडलं असावं.
संध्याकाळी लोकरीचं टोपरं आणलं. दार लावून उशी हातात घेऊन बाळ धरायचा सराव केला. मुलगी झाली तेव्हा मी शिफ्टवर होतो. सुटून आलो तोवर गल्लीतल्या सगळ्यांनी तिला बघून घेतलं होतं, आणि मी जवळ गेलो तर ती रडली. ते अजून विसरलेलो नाही. या वेळी व्याह्यांच्या आधी मी. नातवंडाने डोळे उघडले की समोर मीच पाहिजे.

६ मार्च, सकाळ
निघायची तयारी पूर्ण. ही विचारत होती, फ्रेम काढून बरोबर घ्यायची का? साडू सोडायला येतोय, आणि आजच भिंत रिकामी? मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला. काम फत्ते. बायका उगाच घाबरतात.

६ मार्च, दुपार. विमानतळ. बाकावर.
शांतपणे लिहितो.
काउंटरवरच्या बाईने विचारलं, या नावावर व्हिसा दिसत नाही, जुना पासपोर्ट आहे का? मी नाही म्हणणार, तेवढ्यात हिने पर्समधून काढून दिला. रद्दीतून उचलून ठेवला होता! नवऱ्याच्या निर्णयाची ही किंमत. बाईने मोठ्याने जुनं नाव वाचलं. मागे अख्खी रांग. शेजारी साडू, व्हिजिटर पास काढून आत आलेला, गालात हसत. बाईने विचारलं, हे तुम्हीच ना?
दोन महिन्यांचा सराव. तोंडातून निघून गेलं: या माणसाशी माझा काही संबंध नाही.
बाईचा चेहरा बदलला. मग दुसऱ्याचा पासपोर्ट तुमच्याकडे कसा? तिने साहेबांना बोलावलं. मी सांगितलं की तो माणूस मीच. साहेब म्हणाले, आत्ताच तर नाही म्हणालात. हुकुमाची मूळ प्रत दाखवा. फोटो दाखवला. फ्रेमच्या काचेत सगळा मीच, बनियनवर, हातात मोबाईल. साहेब म्हणाले, बनियनमधले तुम्ही आहात हे पटतंय, पण हुकुमाचं एक अक्षर दिसत नाही.
साडू घराची किल्ली आणि गाडी घेऊन फ्रेम आणायला पळाला. फ्रेम निघेना. खिळा उपटला तर अर्धी भिंत हातात आली म्हणे. पोचला तेव्हा काउंटर बंद झालं होतं. सोनेरी फ्रेम काखेत धरून उभा होता. हसत नव्हता. हसला असता तर बरं वाटलं असतं.
हिला त्याआधीच जावं लागलं. अहो, मी जाऊ का, असं विचारलं तिने. मी म्हटलं, जा, मुलीपाशी कुणीतरी हवं. माझ्या बॅगेतून टोपरं काढून घेतलं आणि गेली. एकदाच वळून बघितलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

७ मार्च
एजंट म्हणतो, विमानतळावरच्या गोंधळाची नोंद झाली आहे, आता नवा व्हिसा काढावा लागेल, बराच वेळ जाईल. मी सांगितलं होतं, असं काहीतरी पुटपुटला. उद्धट माणूस. विमानतळाविरुद्ध कडक तक्रार करणार. मजकूर डोक्यात तयार आहे. नातवंड माझ्यासाठी थांबेल असं वाटतं.

१० मार्च
थांबलं नाही. मुलगा झाला. व्याह्यांनी बघितलं, साडूने व्हिडिओवर बघितलं, शेजाऱ्याला साडूने दाखवलं. माझा मोबाईल चार्जिंगला होता.
मग मुलीने व्हिडिओ कॉल केला. म्हणाली, बाबा, नाव ठरलं. आणि माझं जुनं नाव सांगितलं. म्हणे लहानपणापासून आवडायचं, तुमचं म्हणून. आजोबा धडधाकट असताना त्यांचं नाव ठेवावं का अशी शंका होती, पण तुम्हीच म्हणालात, फुकट घेऊन जा. मोकळंच होतं, घेतलं. व्याह्यांना तर फारच भारदस्त वाटलं.
भारदस्त!
मग ही दिसली. मांडीवर तो, डोक्यावर टोपरं. ही वाकून त्याच्याशी बोलत होती. जन्मभर माझ्यासमोर न घेतलेलं ते नाव हिने घेतलं. लाडाने, हळू, परत परत. ऐकायला इतकं चांगलं लागतं हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.
इकडे हॉलमध्ये, फुटलेल्या भिंतीसमोर, मी ओ दिली.
कुणाचं लक्ष नव्हतं. हाक मला नव्हतीच.