झाडीतला माणूस

मुलुंड पूर्व

ति. माणिकताई,

नमस्कार इथूनच, कारण वाकलो की कंबर धरते. तुझा गुडघा जिना चढू देतो का, नाशिकचं पाणी मानवलं का, ते कळव. आम्ही दोघं ठीक आहोत. (मधुवंती जास्त ठीक.)

पार्ल्याचं घर आवरताना तू काकांच्या दिवाणखान्यातलं थोरलं तैलचित्र आमच्याकडे पाठवलंस, त्याबद्दल लिहितोय. युरोपातल्या सतराव्या शतकातल्या चित्राची कुणीतरी केलेली नक्कल, असं काका सांगायचे. तिन्हीसांजेचं सोनेरी आभाळ, ओढा ओलांडणाऱ्या गाई, पडकी कमान आणि उजवीकडे काळीमिट्ट झाडी. सोफ्याच्या वर लावलं. शेजारी म्हणाले, झकास. पंधरा दिवस मीही तेच म्हणत होतो.

मग एका संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, मला त्या झाडीत टोपी दिसली. नुसती टोपी. मी चष्मा पुसला (पंच्याने, त्यामुळे आणखीच धूसर झालं). चार दिवसांनी टोपीखाली कपाळ आलं. पुढच्या आठवड्यात एक डोळा, आणि तो गाईंकडे नाही, आमच्या जेवणाच्या टेबलाकडे बघत होता. खोटं कशाला सांगू, हातातला घास ताटात पडला. मधुवंतीला सांगावं तर ती म्हणणार, रिटायर झाल्यापासून तुम्हाला काही ना काही दिसतंच. म्हणून मी चित्राकडे पाठ करून जेवू लागलो. ते आणखी वाईट. पाठीमागे कुणी उभं असलं की माणसाला आमटीचा भुरका मारता येत नाही. शेवटी दिवेलागणीला मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसू लागलो. सेक्रेटरीला वाटलं, मला निवडणुकीला उभं राहायचंय.

गेल्या मंगळवारी घरी परतलो तर झाडीतून हात बाहेर आलेला, आणि हातात काहीतरी लांब. मी उंबऱ्यातच थांबलो. मधुवंतीला म्हणालो, "ते आधी उतरव, मग मी आत येतो."

तिने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "अहो, थांबा की. अजून त्याचे पाय निघायचेत."

झाडी मळकी दिसते म्हणून ही रोज दुपारी ओल्या कापसाने थोडी थोडी पुसत होती. काळं निघत गेलं, खालून माणूस येत गेला. मी काही बोललो नाही, म्हणून तिला वाटलं, मला तो आवडला.

आता दुसरीच धास्ती बसली, तुझ्या चित्राची वाट लावल्याची. अंधेरीच्या स्टुडिओत पडदे रंगवणारा खारदांड्याचा धाकू ओळखीचा आहे, त्याला बोलावलं. त्याने वास घेतला, नखाने खरवडलं आणि म्हणाला, "टेन्शन नको काका. माणूस मूळचाच आहे. वरून कुणीतरी काळं फासलंय." हातातली लांब वस्तू म्हणजे पावा निघाला. साधा गुराखी.

तेव्हा चित्र सुखरूप आहे, आणि मी आता मुळीच घाबरत नाही.

तुझा,
नंदकिशोर

ता. क. धाकू म्हणतो, वरचा रंग शाळकरी पोरांच्या रंगपेटीतला होता. काकांच्या घरात तशी पेटी एकट्या तुझ्याकडे होती. ताई, तू तेव्हा किती वर्षांची होतीस? मी कुणाला सांगणार नाही. फक्त मधुवंतीला एक फोन करून सांग की तूही त्याला घाबरायचीस, म्हणजे ती मला हसायची थांबेल.

ता. ता. क. तो काळा रंग पाण्यात किती पातळ कालवायचा, तेही कळव. मधुवंती गुरुवारी भजनाला जाते.