पाचव्या दिवशी बंद पडलेले गणित

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय पुलांवरचा भार मोजणारे प्रोग्राम लिहिणे, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, ऐकू थोडे कमी येते, आणि हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छातीही नाही. माझी आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत एक गोष्ट लपवली होती.

१. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जिथे मी आणि माझ्या धाकट्या भावाने एकतीस वर्षे काम केले, त्या माझ्या भाचीला, म्हणजे त्याच्या मुलीला, मिळाव्यात. बँकेतली ठेवही तिलाच. जिन्याची चौथी पायरी वाजते. ती दुरुस्त करू नये. कोण येते आहे ते तिच्यामुळे आधीच कळते.

२. माझी फिरती खुर्ची त्या ठेकेदाराला द्यावी, ज्याने पहिल्याच भेटीत मला विचारले होते, "साहेब कधी येतील?" साहेब त्याच खुर्चीत बसल्या होत्या. आता त्याने तीत बसून वाट पाहावी.

३. भावाला काहीही ठेवलेले नाही. हे वाचून कोणी भुवया उंचावू नयेत. कारण शेवटच्या कलमात आहे.

४. भाची आता आमच्याच कामाला लागली आहे. मागच्या महिन्यात तिने विचारले, "आत्या, नव्या मशीनवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम टाकू?"

"लिनक्स. दुसरीचं नाव काढू नकोस."

"पण का?"

"बाबाला विचार."

तिच्या बाबाने सांगितले, "माझं गणित पाचव्या दिवशी बंद पडलं होतं, बाळा." आमच्या घरात हा पुरावा अठरा वर्षे चालतो आहे. तो खोटा आहे.

५. खरे घडले ते असे. तेव्हा कचेरीत दोन सिस्टिम नांदत होत्या. माझी लिनक्स, कारण तिचे पोट उघडून आत काय चालले आहे ते बघता येते. भावाची विकतची, कारण गिऱ्हाइकांकडे तीच असे. भाऊ स्वभावाने सावकाश. ‘मान्य आहे’ हे बटण दाबण्याआधी कराराची सगळी पाने वाचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. दोन वर्षे खपून त्याने एक प्रोग्राम लिहिला होता: भार वाढेल तसा पूल कुठे वाकतो ते रंगांत दाखवणारा. तो फक्त त्याच्या सिस्टिमवर चाले, आणि फार देखणा होता. हे मी त्याला कधी सांगितले नाही.

एका लांब पुलाचे गणित त्याच्या मशीनवर सहा दिवस चालणार होते. पाचव्या दिवशी दुपारी तो जेवायला गेला आणि चहाची केटल लावायला मी एक प्लग काढला. तो त्याच्या मशीनचा होता. मी लगेच परत लावला. मशीन निमूटपणे नव्याने सुरू झाले, गणित गेले.

तो आला, पडद्याकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "आपोआपच बंद होऊन चालू झालं वाटतं."

तेव्हा मी बोलायला हवे होते. बोललेही. म्हणाले, "मी सांगत नव्हते?"

प्लग निघाला ही चूक होती. ते वाक्य ही लबाडी होती. त्या सिस्टिमचा काडीचा दोष नव्हता. ऐन पन्नाशीत भाऊ वही घेऊन माझी सिस्टिम मुळाक्षरांपासून शिकला. त्याचा प्रोग्राम बासनात गेला, आणि तसा दुसरा त्याने लिहिला नाही. मला याची लाज वाटते.

६. त्याचे ते मशीन मी टाकून दिले नाही. लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे. दरवर्षी एकदा चालू करून पाहते. पूल अजून वाकतो. हे मशीन प्रोग्रामसकट भाचीला द्यावे. सिस्टिम तिने स्वतः निवडावी: आपले खरे काम प्रत्येकीवर आठवडाभर चालवून, माझ्या किंवा बाबाच्या सांगण्यावरून नव्हे. लिनक्सच सरस, हे माझे मत मेल्यावरही बदलणार नाही. पण ते मत आहे, पुरावा नव्हे.

७. वकीलबाईंनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणूनच भावाला काही ठेवले नाही: मला त्याला साक्षीदार करायचे होते. त्या म्हणाल्या, "अहो, साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. नुसती सही पुरते."

मी म्हटले, "तुम्ही त्याला ओळखत नाही."

एरवी मी कोणाच्या बापाला भीत नाही. पण ही एक गोष्ट त्याला तोंडाने सांगायला अठरा वर्षांत धीर झाला नाही. तो वाचेल तेव्हा मी समोर बसेन, आणि त्याने काहीही म्हटले तरी ऐकून घेईन.

स्थळ: वरची खोली, खिडकीकडचे टेबल
दिनांक: तीन फेब्रुवारी, दुपारी चार
सही: करणारी स्वतः

साक्षीदार पहिला, खालचा सायकल दुरुस्तीवाला: बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी काही वाचलेले नाही.

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ: माझ्यासमोर सही केली. सर्व पाने वाचली. कलम पाच दोनदा वाचले. ताई, कपाटाची किल्ली दे. आणि चहा टाक. प्लग या वेळी मी काढतो.